हृदय ठणठणीत, मग आईचा हात का सुजला?

पत्र :

डॉक्टर, आम्ही भंडारा जिल्ह्यातले, घरी धानाची शेती. आईचं वय ५८. पाच वर्षांपूर्वी तिच्या डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन नागपूरला झालं. काखेतल्या गाठीही काढल्या, नंतर शेक (रेडिएशन) दिले. दर तपासणीला सगळं ठीक निघत होतं. यंदा रोवणीच्या वेळी डाव्या हाताच्या बोटात काटा गेला. दोन दिवसांत हात लालबुंद झाला, थंडी वाजून ताप आला. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ताप उतरला, पण सूज काही गेली नाही. दोन महिने झाले. हातातली पाटली सोनाराकडून कापून घ्यावी लागली. हृदयाचा एको केला, किडनीच्या आणि रक्ताच्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. कुणी म्हणतं हातात रक्त साचलंय, गरम तेलाने जोर लावून उतरवा. शेजारच्या काकू म्हणतात हत्तीरोग आहे. मेडिकलमधून लघवीच्या गोळ्या आणल्या, दोन दिवस हलकं वाटलं, परत तसंच. आता आई हात गळ्यात बांधून बसली आहे आणि आजार उलटला या भीतीने धड जेवतही नाही. हृदय चांगलं, रक्त चांगलं, मग ही सूज येते कुठून? आणि हा हात पुन्हा कामाला येईल का?

— एक वाचक, भंडारा जिल्हा

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हात कामाला येण्याची आशा चांगली आहे, आणि त्यासाठी तो गळ्यात बांधून ठेवणं आजपासूनच बंद करायचं आहे.

पण सगळ्यात आधी एक काम करा. याच आठवड्यात आईला तिचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे घेऊन जा. पुढची तपासणी तीन महिन्यांनी असेल तरी थांबू नका. पत्रावरून मी निदान करू शकत नाही, आणि दोन गोष्टी समोर बसून तपासल्याशिवाय नाकारता येत नाहीत. एक म्हणजे हाताच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असणं. कॅन्सरनंतर घ्यायच्या हार्मोनच्या काही गोळ्यांनी ही शक्यता थोडी वाढते. डॉपलर सोनोग्राफीत ती कळते, त्यात दुखत काही नाही. (गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद मात्र करू नका.) दुसरी म्हणजे काखेत किंवा मानेच्या तळाशी नवी गाठ आलेली असणं. डॉक्टर हाताने चाचपून पाहतील, गरज वाटली तर आणखी तपासणी सांगतील. या दोन्ही गोष्टी नाहीत असं कळलं, की आईच्या मनावरचं निम्मं ओझं तिथेच उतरेल.

तुम्ही जे लिहिलं आहे, म्हणजे काखेतल्या गाठी काढलेल्या, शेक दिलेले, काटा लागून आलेला ताप आणि नंतर न उतरणारी सूज, ते सगळं लिंफेडिमाकडे, म्हणजे अंगात झिरपलेल्या पाण्याची परतीची वाट अडल्याने येणाऱ्या सुजेकडे, बोट दाखवतं. हा शब्द तुमच्या कानावर आला नसेल. मला याचंच फार वाईट वाटतं. काखेतल्या गाठी काढलेल्या प्रत्येक बाईला घरी सोडताना हातात कागद द्यायला हवा आणि घरातल्या माणसांना बसवून समजावून सांगायला हवं. ते होत नाही. मग पाच वर्षांनी हात सुजतो तेव्हा घरचे लोक हृदय तपासतात, किडनी तपासतात, आणि महत्त्वाचे महिने निघून जातात.

आता सूज येते कुठून ते सांगते. हे एकदा नीट कळलं, की काय करायचं आणि काय करायचं नाही ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आपलं हृदय शांत बसलेलं असतानाही मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तच मुळात ५ लिटरच्या आसपास असतं. म्हणजे जवळपास मिनिटाभरात सगळं रक्त एक फेरी मारून येतं. डाव्या बाजूने निघालेलं रक्त धमन्यांतून जोराने जातं. तो जोर म्हणजेच आपण दंडाला पट्टा बांधून मोजतो ते बीपी. धमन्या फुटत फुटत इतक्या बारीक होतात, की शेवटच्या केशवाहिन्यांतून रक्ताच्या तांबड्या पेशींना एकामागून एक, अंग चोरून जावं लागतं. केशवाहिनीची रुंदी ५ ते १० मायक्रॉन, आणि तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉनची. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

खरी देवाणघेवाण या केशवाहिन्यांतच होते. पेशींना प्राणवायू, साखर, क्षार मिळायचे तर ते भिंतीतून बाहेर यावे लागतात, आणि त्यांच्यासोबत पाणीही बाहेर झिरपतं. हा दोष नव्हे, शरीराची रचनाच तशी आहे. आत्ता तुम्ही हे वाचत असताना तुमच्या दोन्ही हातांत रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आहे. थोडी प्रथिनंही त्याबरोबर निसटतात.

उरलेलं रक्त शिरांतून परत फिरतं. तोपर्यंत हृदयाचा जोर जवळजवळ संपलेला असतो, म्हणून शिरांना दोन आधार लागतात : आजूबाजूच्या स्नायूंचा दाब आणि आतल्या झडपा. या झडपा तुम्ही स्वतःच्या हातावर पाहू शकता. आईच्या हातावर करू नका, तुमच्या करा. हात थोडा वेळ खाली लोंबकळू द्या, म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरा उठून दिसतील. एखाद्या लांब शिरेवर मनगटाजवळ एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने ती शीर कोपराच्या दिशेला निपटत न्या. मधला तुकडा रिकामा, चपटा होईल. वरचं बोट उचला. वर रक्त आहे, तरी ते खाली येत नाही, झडपेपाशी अडतं. आता मनगटाजवळचं बोट सोडा, शीर झटकन भरेल. इंग्लंडच्या विल्यम हार्वी या वैद्याने १६२८ साली छापलेल्या ग्रंथात हाच प्रयोग चित्रासकट दाखवला होता. रक्त अंगात फिरून फिरून परत येतं हे पटवायला त्याला त्याचा उपयोग झाला. त्याआधी दीड हजार वर्षं वैद्य मानत होते, की रक्त यकृतात तयार होतं आणि अंगात जिरून जातं.

आईच्या हातातल्या धमन्या चालू आहेत. शिराही चालू असाव्यात, डॉपलरने ते कळेलच. आणि हृदय चांगलं आहे हे एकोने दाखवलंच आहे. शिवाय हृदयाची सूज बहुधा दोन्ही पायांवर येते, किडनीची पायांवर आणि सकाळी डोळ्यांखाली. एकटा एक हात सुजला, तर कारण बहुधा त्या हाताच्या वाटेवरच शोधायचं असतं.

मग अडलं कुठे? झिरपलेल्या पाण्याच्या परतीच्या वाटेवर.

जुन्या पुस्तकांत असं शिकवलं जायचं, की बाहेर आलेलं बहुतेक पाणी केशवाहिन्याच त्यांच्या शिरेकडच्या टोकाला परत ओढून घेतात आणि थोडंसंच उरतं. आता समजलं आहे, की शरीराच्या बहुतेक भागांत तसं सतत होत नाही. ते पाणी परत नेण्याचा मोठा भार वेगळ्याच वाहिन्यांवर असतो. त्या लसीका वाहिन्या, डॉक्टरांच्या भाषेत लिंफॅटिक्स, आणि त्यांतला द्रव म्हणजे लसीका. निसटलेली प्रथिनं तर फक्त याच वाटेने परत येऊ शकतात, कारण ती आकाराने मोठी असतात. रोज काही लिटर द्रव असा रक्तात परत जातो. रक्तातल्या पेशी सोडून जो पातळ भाग असतो, जवळपास तेवढाच. ही वाट पूर्ण बंद पडली तर माणूस दोन दिवस जगणार नाही, आणि तरी आपल्या बोलण्यात तिचं नावही येत नाही. याचं कारण साधं आहे. रक्त तांबडं म्हणून दिसतं, लसीका पाण्यासारखी नितळ असते आणि तिच्या वाहिन्या केसासारख्या. इटलीत गास्पारे आसेल्ली नावाच्या शस्त्रवैद्याला त्या १६२२ साली नजरेस पडल्या, त्याही योगायोगाने. नुकतंच खाल्लेल्या कुत्र्याचं पोट त्याने उघडलं होतं. आतड्यातली चरबी याच वाहिन्यांतून जाते, त्यामुळे त्या दुधासारख्या पांढऱ्या दिसत होत्या. कुत्रा उपाशी असता तर त्याला काहीच दिसलं नसतं.

या वाहिन्यांना हृदय नाही. त्या बोटांच्या टोकाशी, कातडीखाली, बंद तोंडाच्या असतात. तोंडाच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात आणि बारीक धाग्यांनी आजूबाजूच्या मांसाला बांधलेल्या असतात. आजूबाजूला पाणी वाढलं की धागे ताणले जातात, फट उघडते आणि पाणी आत शिरतं. वरच्या मोठ्या वाहिन्यांत दर थोड्या अंतरावर झडप असते आणि झडपांमधला तुकडा स्वतःच हळूहळू आकुंचन पावतो. त्याला साथ लागते ती स्नायूंची. मूठ वळली, कोपर दुमडलं, दीर्घ श्वास घेतला, की लसीका एक घर पुढे सरकते. श्वासाचा संबंध कसा? हात, पाय, पोट, सगळीकडची लसीका शेवटी मानेच्या तळाशी, हासळीच्या हाडामागे मोठ्या शिरेत रिकामी होते. श्वास आत घेताना छातीतला दाब कमी होतो आणि ती तिकडे ओढली जाते.

हातापासून तिथपर्यंत जाताना वाटेत काख लागते. काखेत साधारण २० ते ३० लसीका ग्रंथी असतात. त्यांनाच आपण गाठी म्हणतो. पायाला ठेच लागून पिकली, की जांघेत अवधाण येतं, हे तुम्ही पाहिलं असेल. अवधाण म्हणजे तिथली ग्रंथी जंतूंशी लढताना फुगलेली. बोटातल्या काट्याबरोबर आत गेलेले जंतू लसीकेतून काखेपर्यंत येतात, तिथल्या ग्रंथींत ते गाळले जातात आणि पांढऱ्या पेशी त्यांना मारतात. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशीही पसरायला लागल्या की बहुधा आधी याच ग्रंथींत येतात. म्हणून सर्जन काख तपासतात आणि गरज असेल तर तिथल्या गाठी काढतात. आईच्या गाठी काढल्या ते चुकलं असं कृपया कुणाला वाटू देऊ नका. तेव्हा ते तिच्या जिवासाठी गरजेचं होतं.

गाठी गेल्या, त्यांच्याबरोबर तिथल्या वाहिन्यांची जोडणी गेली. शेक दिल्याने उरलेल्या जागेत थोडा घट्टपणा आला. तुमच्या शेतातलंच उदाहरण घ्या. बांधीत पाणी येण्याचा पाट चालू आहे, पण पाणी काढण्याची धुऱ्यातली चार तोंडं होती त्यांतली तीन बुजली. एरवीच्या दिवशी उरलेल्या एका तोंडातून निभावतं, आणि एका रात्री मोठा पाऊस होतो तेव्हा बांधी तुडुंब भरते. पाच वर्षं आईच्या हाताचं असंच निभावत होतं. उरलेल्या वाहिन्या जास्त काम करत होत्या, काही लसीका आडवाटेने छातीच्या कातडीतून पाठीकडे आणि दुसऱ्या काखेकडे जात होती. काट्याने जंतू आत गेले, हाताकडे रक्ताचा ओघ कित्येक पटींनी वाढला, झिरपणं वाढलं, आणि त्याच जंतूंनी उरलेल्या वाहिन्यांनाही इजा केली. ताप गेला, पण वाट अरुंद ती अरुंदच राहिली. यात काट्याचा दोष नाही आणि आईचाही नाही. काखेतल्या सगळ्याच गाठी काढाव्या लागलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो, बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत, काहींना पुष्कळ उशिरा. आता बऱ्याच ठिकाणी आधी निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव टोचून लसीका ज्या गाठीत पहिल्यांदा पोचते तेवढीच काढून तपासतात, आणि ती स्वच्छ असेल तर बाकीच्या तशाच ठेवतात. त्या बायकांत हे प्रमाण विसांत एकीपर्यंत खाली येतं.

आता तुम्ही केलेले आणि कुणी कुणी सुचवलेले उपाय पाहू.

लघवीच्या गोळ्या बंद करा. त्या पाणी काढतात, प्रथिनं तिथेच राहतात, आणि हातात उरलेला घट्ट द्रव पुन्हा पाणी ओढून घेतो. दोन दिवस हलकं वाटलं आणि परत सुजलं, ते यामुळेच. लिंफेडिमासाठी या गोळ्या द्यायच्या नसतात. (आईला बीपीसाठी वेगळ्या डॉक्टरांनी काही गोळी दिली असेल, तर तिला हात लावू नका. मी फक्त दुकानातून आणलेल्या गोळ्यांबद्दल बोलते आहे.)

गरम तेलाने रगडणं तर अजिबात नको. गरमीने रक्ताचा ओघ वाढतो, म्हणजे झिरपणंही वाढतं. जोराने रगडल्यावर कातडीखालच्या त्या केसासारख्या वाहिन्या दुखावतात. लिंफेडिमात मालिश असते, पण ती शिकलेल्या फिजिओथेरपिस्टची, आणि इतकी हलकी की पाहणाऱ्याला वाटेल हे नुसतं कातडी हलवतायत. ती हातापासून सुरूही होत नाही. आधी मान, मग छाती, मग दुसरी काख, म्हणजे आधी पुढची वाट मोकळी करायची आणि मग दंड, मग कोपर, शेवटी पंजा. गरम पाण्याची पिशवी, गरम विटेचा शेक, हेही त्या हाताला नको.

शेजारच्या काकूंचं म्हणणं मात्र मी झटकून टाकणार नाही. हत्तीरोग पूर्व विदर्भात आहे, तुमच्या भागात त्यासाठी घरोघरी जंतांवरच्या गोळ्या वाटल्या गेल्या आहेत. त्यात क्युलेक्स डास चावून शिरलेले धाग्यासारखे जंत याच लसीका वाहिन्यांत मुक्काम करतात आणि वाहिन्या फुगून निकामी होतात. म्हणजे वाट तीच, बिघाडाचं कारण वेगळं. हत्तीरोगाची सूज बहुधा पायावर येते. हातावर येऊ शकते, पण ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या नेमका तोच हात सुजला असताना दूरचं कारण शोधायची गरज नाही. हवं तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. त्यासाठी रात्रीचं रक्त घेतात, कारण त्या जंतांची पिल्लं रात्रीच वरच्या रक्तात येतात. आणि काकूंना सांगा, या हाताची लागण कुणाला होत नाही. आईचं ताट वेगळं करायचं काही कारण नाही.

आता उपचाराचं. लिंफेडिमा कायमचा पुसून टाकणारी गोळी नाही, हे मी लपवणार नाही. पण लवकर सुरुवात केली तर सूज चांगली उतरते आणि उतरलेली टिकवता येते. आईला दोनच महिने झालेत, ही चांगली गोष्ट आहे. अंगठ्याने तिच्या हातावर दहा सेकंद हलकेच दाबून पाहा. खड्डा पडत असेल तर सूज अजून पाण्याचीच आहे. वर्षानुवर्षं तशीच राहिली तर तिथे चरबी आणि घट्ट धागे तयार होतात, खड्डा पडेनासा होतो आणि मग हात उतरवणं अवघड जातं. म्हणून घाई करा म्हणते.

पहिले काही आठवडे रोज किंवा दिवसाआड फिजिओथेरपी, आणि हाताला थरांची पट्टी. ही पट्टी म्हणजे मेडिकलमधलं क्रेप बँडेज ताणून गुंडाळणं नव्हे. तिचं कापड कमी ताणणारं असतं, बोटांपासून सुरू होते, पंज्याकडे दाब जास्त आणि दंडाकडे कमी. आत हात हलला की स्नायू त्या पट्टीवर दाबले जातात आणि लसीका पुढे सरकते. म्हणून पट्टी बांधून नुसतं बसायचं नसतं. ती बांधून भाजी चिरायची, कपडे घडी करायचे, फिरायला जायचं. सूज उतरली की मग मापाची बाही मिळते, लवचिक आणि दाब देणारी. सकाळी उठल्यावर घालायची, झोपताना काढायची. कोपरात तिची वळी होऊ देऊ नका, तिथे ती दोरीसारखी काचते. साधारण सहा महिन्यांत तिचा ताण जातो, तेव्हा बदलायची. पंज्यावर सूज असेल तर हातमोज्यासकट घ्यावी लागते, नाहीतर दंड उतरतो आणि पंजा फुगतो. बाजारात हवेच्या दाबाची यंत्रंही मिळतात. तज्ज्ञाने सांगितल्याशिवाय त्यांत पैसे घालू नका.

गळ्यातली झोळी का काढायची ते आता लक्षात आलंच असेल. हात बांधला की स्नायू थांबतात आणि सोबत खांदाही आखडतो. पूर्वी डॉक्टरही अशा बायकांना सांगायचे, या हाताने काही उचलू नका. २००९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात लिंफेडिमा असलेल्या बायकांना, हातावर बाही घालून, आठवड्यातून दोनदा हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. त्यांची सूज वाढली नाही. उलट त्रास उसळण्याचं प्रमाण कमी झालं आणि ताकद वाढली. त्याचा अर्थ उद्या पाण्याचा हंडा उचला असा नाही. फिजिओथेरपिस्ट सांगतील तसं पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीपासून सुरुवात करायची आणि दर आठवड्याला थोडं वाढवायचं. तोवर घरच्या घरी : हात उशीवर, काखेपेक्षा थोडा वर ठेवून मूठ उघडमीट, मनगट गोल फिरवणं, कोपर दुमडणं, खांदे वर-खाली, आणि मध्ये मध्ये पोटातून दीर्घ श्वास. दिवसातून तीन-चार वेळा. दमेपर्यंत नको.

शेतीबद्दल तुम्ही थेट विचारलं नाही, पण मला माहीत आहे आईच्या मनात तेच असणार. रोवणीत डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी असते, आणि कापणीत डाव्या मुठीत धानाचा झुपका धरून उजव्या हाताने विळा चालवतात. म्हणजे कापण्या-टोचण्याचा धोका नेमका याच हाताला. यंदाच्या कापणीला तिला विळा देऊ नका. पुढे सूज आटोक्यात आली, की डाव्या हातात जाड हातमोजा घालून थोडं थोडं काम करू द्या. चिखलात काम असेल तर लांब रबरी मोजा, आणि घरी आल्याबरोबर मोजा काढून हात साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडा करायचा. कातडी सुकून भेगा पडू द्यायच्या नाहीत. रात्री साधं खोबरेल तेल हलक्या हाताने लावलं तरी चालतं. चुलीवरच्या वाफेपासून, गरम तव्यापासून हा हात लांब. काटा, चिरा, डास चावून खाजवलेली जागा, काहीही झालं तरी लगेच साबणपाण्याने धुवा, जंतुनाशक मलम लावा आणि दोन दिवस लक्ष ठेवा.

हात परत लाल झाला, गरम लागला, दुखायला लागला किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. अँटिबायोटिकला उशीर झाला तर जंतू रक्तात जाऊ शकतात, आणि अशा प्रत्येक तापात उरलेल्या वाहिन्यांतल्या आणखी काही निकामी होतात. त्या वेळी पट्टी, बाही, मालिश सगळं थांबवायचं आणि पुन्हा कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारायचं. वारंवार असं व्हायला लागलं, तर रोजची कमी मात्रेची अँटिबायोटिक लांब काळ देतात, तेही विचारा. हात एकाएकी खूप फुगला, निळसर दिसला, बोटं बधिर पडली किंवा कमजोर झाली, काखेत नवी गाठ लागली, तरी थांबायचं नाही.

बीपी, इंजेक्शन, रक्त काढणं शक्यतो उजव्या हातावर. पण कधी तातडीच्या वेळी डाव्या हातात सुई टोचली गेली, तर घाबरून जाऊ नका. एका सुईने हात बिघडतो याला भक्कम पुरावा नाही, आणि या भीतीने अनेक बायका उगाच जन्मभर धास्तावून राहतात. खाण्याचं वेगळं पथ्य नाही. मीठ बेताचं असू द्या. ‘हातात प्रथिनं साचतात’ हे वाचून तिची डाळ आणि अंडी मात्र बंद करू नका, त्या प्रथिनांचा जेवणातल्या प्रथिनांशी संबंध नाही. वजन जास्त असेल तर थोडं कमी केल्याने या सुजेला खरंच फरक पडतो. पण आत्ता ती जेवतच नाही म्हणता, तर आधी तिला पोटभर जेवू घाला.

पाटली कापली गेली याचं तिला दुःख झालं असेल. तुम्ही एवढं नेमकं लिहिलंत त्यावरून ते कळतं. तिला सांगा, ती वेळेवर काढली हे बरं झालं. सुजलेल्या हातात घट्ट दागिना राहिला असता तर त्याच्या खालचा भाग आणखी फुगला असता आणि कातडी चिरली असती. तिचं सोनं जपून ठेवा, उजव्या हाताच्या मापाची करून घेता येईल. डाव्या हातात काचेच्या बांगड्या घालायच्या असतील, तर सूज उतरल्यावर, सैल, आणि कासाराने दाबून चढवलेल्या नकोत. ब्लाऊजची डावी बाही शिंप्याकडून मोकळी करून घ्या. बाहीचा काच दंडावर उमटतो, तीही एक अडवणूकच आहे.

आणि तिच्या भीतीबद्दल. आजार उलटला असं तिला वाटतं, कारण हात सुजला म्हणजे काय याचा दुसरा अर्थ तिला कुणी सांगितलेलाच नाही. तुम्ही सांगा. शिरेचा तो प्रयोग तिच्यासमोर तुमच्या हातावर करून दाखवा, मग सांगा की अशीच एक दुसरी वाट असते, न दिसणारी, आणि तुझ्या काखेत ती अरुंद झाली आहे. बायकांना हे समजतं, मी रोज पाहते. समजल्यावर त्या स्वतःच पट्टी बांधायला शिकतात आणि शेजारणीलाही शिकवतात.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरीच एक माप घेऊन ठेवा. शिवणाची टेप घ्या, हात टेबलावर सरळ ठेवा. मनगटाच्या रेषेवर पेनाने खूण करा, तिथून वर दर १० सेंटिमीटरवर एक खूण, आणि प्रत्येक खुणेवर घेर मोजून वहीत तारखेसह लिहा. मग दुसऱ्या हाताचं तसंच. टेप नुसती टेकवायची, आवळायची नाही. २ सेंटिमीटर किंवा जास्त फरक कुठे आहे ते डॉक्टरांना दाखवा. पुढे दर आठवड्याला, त्याच वेळेला, शक्यतो सकाळी मोजा. संध्याकाळी हात तसाही जरा जड असतो.

सोबत ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, किती गाठी काढल्या तो पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, शेक दिल्याचा कागद, एको आणि यंदा तापात दिलेल्या गोळ्यांची चिठ्ठी न्या. डॉक्टरांनी गुठळी आणि नवी गाठ नाही असं सांगितलं, की तिथेच विचारा : लिंफेडिमा हाताळणारा फिजिओथेरपिस्ट कुठे आहे? मोठ्या कर्करोग रुग्णालयांत आणि सरकारी मेडिकल कॉलेजांच्या फिजिओथेरपी विभागांत बहुधा सोय असते किंवा पत्ता तरी मिळतो. ‘वय झालं, थोडी सूज राहणारच’ असं उत्तर मिळालं तर ते मान्य करू नका, पुन्हा विचारा. काही मोठ्या रुग्णालयांत सूक्ष्मदर्शकाखाली लसीका वाहिनी बारीक शिरेला जोडण्याचं ऑपरेशनही करतात, पण ते पुढचं. आधी पट्टी आणि व्यायाम. आणि बाहीचं माप सूज उतरल्यावरच द्या. आत्ताच्या फुगलेल्या हाताची बाही करून आणलीत, तर महिनाभरात ती सैल होऊन पडेल आणि पैसे वाया जातील.